एकावन्न भांड्यांवरचं नाव

भांड्यांवर नावं घालून मी पोट भरलं. संगमेश्वरकडच्या गावातून डोंबिवलीला आलो तेव्हा माझ्याकडे एक पत्र्याची पेटी आणि मामाने उधारीवर मिळवून दिलेलं नाव घालायचं मशीन होतं. एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसायचो. गिऱ्हाईक आत भांडी घेई, बाहेर माझ्याकडून नाव घालून घेई. आज ती पायरी माझी आहे आणि पायरीच्या वरचं दुकानही. मधल्या वर्षांत मला कुणी काही दिलं नाही. जे मिळालं ते घासाघीस करून मिळालं, आणि घासाघीस करताना माझा आवाज चढतो हे सगळ्या बाजाराला माहीत आहे.

आयुष्यात इतकी नावं कोरली, की इथे एकही लिहायचं नाही असं ठरवलंय. ज्या नावांवरून हे सगळं झालं, ती घरच्यांना ठाऊक आहेत. तेवढं पुरे.

दुकानात मी दोन नियम पाळतो. एक, माल आला की खोकं उघडून बघितल्याशिवाय चलनावर सही करायची नाही. दुसरा माझ्या आईचा. भांडं रिकामं द्यायचं नाही. शेजारणीची वाटी परत करताना घरात काही नसलं तरी ती साखरेचे चार दाणे टाकायची. मीही लग्नाची भांडी बांधून देताना वरच्या डब्यात चिमूटभर तांदूळ टाकतो. गिऱ्हाईक मागत नाही, मी सांगत नाही.

अडीच वर्षांपूर्वी माझ्या मुलीचं लग्न झालं. एकुलती एक. सासर ठाण्याचं, नौपाड्यातलं. सासू-सासरे दोघंही नोकरीतून निवृत्त, घरात पुस्तकांची कपाटं, बोलणं असं की प्रत्येक वाक्य पूर्ण होणार. माणसं चांगली होती. मीच त्यांच्यासमोर जरा जास्त ताठ बसायचो. बैठकीत मी विचारलं, मुलीचं नाव काय ठेवायचं. आमच्यात लग्नात बाईचं नाव बदलतात, माझ्या आईचं बदललं, बायकोचं बदललं. नवऱ्याकडच्या एक आत्या हसून म्हणाल्या की आमच्या मुलाच्या नावाला अमुक नाव छान शोभेल. सगळे हसले. मी ते पक्कं धरलं.

मुलीला एकावन्न भांडी द्यायची, असं ती दहावीत होती तेव्हापासून माझ्या मनात होतं. नाव घालायचं काम आता दुकानात दुसरा माणूस करतो, पण ही एकावन्न मी स्वतः केली. परात, कळशी, टोप, कढया, डबे, ताटं, वाट्या, पेले. हाताला पूर्वीसारखी पकड नाही, तरी एकही अक्षर हललं नाही. प्रत्येकावर ते नवं नाव, खाली सासरचं आडनाव, त्याखाली तारीख. कुणाला दाखवलं नाही. चार माणसांत खोकी उघडायची आणि पोरीच्या डोळ्यांत पाणी बघायचं, असा माझा बेत होता. तो बेत गडबडीत राहून गेला. खोकी बंदच्या बंद तिच्या घरी गेली. मला त्या दिवशीचं एवढंच आठवतं, की हॉल रिकामा करायची घाई चालली होती आणि मुलगी नवरीच्या साडीत खाली बसून उरलेल्या अक्षता पिशवीत भरत होती. मला हसू आलं. म्हटलं, माझीच पोरगी, काही सोडत नाही.

पंधरा दिवसांनी एक टेम्पो दुकानासमोर येऊन उभा राहिला. तीच तीन खोकी. निरोप नाही, चिठ्ठी नाही. मी तिथूनच मुलीला फोन लावला. तिने शांतपणे सांगितलं की तिने नाव बदललेलं नाही, आडनावही नाही, आणि हे ती लग्नाआधी आईला बोलली होती, मला कुणी सांगायला धजलं नाही.

“बाबा, ही भांडी दुसऱ्या कुणाची तरी आहेत,” ती म्हणाली.

“मग तूही दुसऱ्या कुणाची तरी आहेस,” मी म्हणालो.

दुकानात तेव्हा चार गिऱ्हाइकं होती. मी फोन ठेवला, खोकी घरी नेऊन माळ्यावर चढवली आणि बायकोला बजावलं की त्यांना कुणी हात लावायचा नाही. त्या दिवसापासून मुलगी आमचा जिना चढलेली नाही. आईला ती नौपाड्यात भेटते, एका खानावळीत. दोघी तिथे पीयूष पितात आणि आई घरी आल्यावर पोट बिघडल्याचं सांगून जेवत नाही.

मला नावापेक्षा भांडी रिकामी परत आल्याचं जास्त लागलं होतं. नाव चुकलं असेल. चुकलंच, धरा. पण बापाने दिलेली एकावन्न भांडी कुणी अशी रिकामी परत पाठवतं का? आजीचा हात धरून वाढलेली पोर ती.

तर हे असं चाललेलं, आणि यंदा मे महिन्यात बायकोने एका सकाळी सांगितलं की लेकीने आपल्या चौघांचं दोन दिवसांचं बुकिंग केलंय. कल्याणच्या पुढे मुरबाड रस्त्याला नवीन काहीतरी झालंय. यंत्रमानव, अंतराळातली सफर, डोळ्यांवर चष्मा लावून समुद्राखाली जायचं, असली जागा. शेजारी राहायच्या खोल्या. मी विचारलं, यात तिचा काय फायदा. बायको म्हणाली, तुम्हाला सगळ्यात फायदाच कसा दिसतो. मी म्हटलं, दिसतो म्हणून दुकान उभं राहिलं.

पण गेलो. माझ्या मनात माझा सौदा तयार होता. तिने यंदा गौरी-गणपतीला घरी यायचं, जिना चढून, आणि जाताना भांडी घेऊन जायची. त्या बदल्यात मी झालं-गेलं काढणार नाही. मला हा सौदा उदार वाटत होता.

शनिवारी सकाळी गाडी आमच्या इमारतीखाली आली. मुलीने आईला फोन केला की खाली या. दुसरा मजला आहे आमचा, बेचाळीस पायऱ्या. गाडी चालू ठेवून ती खाली थांबली. मी पिशव्या घेऊन उतरताना पायऱ्या मोजत होतो आणि प्रत्येक पायरीला माझं डोकं तापत होतं. जावयाने पुढे होऊन पिशव्या घेतल्या. मुलीने मला नमस्कार केला, रस्त्यात, पायांपर्यंत वाकून. मी आशीर्वाद दिला. दोघांनीही ते काम नीट केलं.

गाडीत जावई मला पुढे बसवून एसी कमी करू का, खिडकी उघडू का, असं विचारत राहिला. शीळ रस्त्याला मेट्रोच्या खांबांच्या मध्ये अर्धा तास उभे होतो. मागे दोघी बोलत होत्या, हळू. हसत होत्या. घरी माझी बायको अशी हसत नाही, किंवा मी घरी असताना हसत नाही.

त्या जागेच्या कमानीवर एक पांढरं रॉकेट आडवं बसवलं होतं. तिकिटाची खिडकीच नव्हती, उभी यंत्रं होती. मी यंत्रासमोर जाऊन सवयीने विचारलं की ज्येष्ठ नागरिकांना कमी काय. जावई म्हणाला, बाबा, ते ऐकत नाही. मी म्हटलं, इथे माणूस नाही का कोणी? माणूस होता. माझ्याच वयाचा, चंदेरी जाकीट घातलेला, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. मेच्या उन्हात ते जाकीट म्हणजे शिक्षा होती. दिवा स्टेशनहून रोज इथवर येतो म्हणाला. मी त्याच्याशी भावाचं बोललो, तो नुसता हसला. भाव आधीच ठरलेला, पैसे आधीच गेलेले. घासाघीस करायला काही उरलेलंच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या दारातून मुकाट्याने आत गेलो.

प्रत्येकाच्या मनगटावर एक निळा पट्टा बांधला. आत गेल्यावर एक यंत्रमानव उभा होता, कमरेएवढा, गोल डोक्याचा. त्याच्यासमोर हात धरायचा, की तो पट्टा वाचून मराठीत स्वागत करतो. माझं नाव त्याने बरोबर घेतलं. जावयाचं घेतलं. मुलीचं घेतलं, माहेरच्या आडनावासकट, म्हणजे माझ्याच आडनावासकट. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. ज्या नावासाठी ती भांडली ते माझं दिलेलं नाव होतं, हे मला तोपर्यंत कधी सुचलंच नव्हतं.

मग बायकोने हात धरला आणि त्याने एक तिसऱ्याच बाईचं नाव घेतलं.

मी ओरडणार होतो की चुकीचा पट्टा बांधलाय. पण बायको ‘ओ’ म्हणाली. हलक्या आवाजात, शाळेत हजेरीला म्हणावं तसं. तेव्हा मला आठवलं. ते तिचं माहेरचं नाव. चौतीस वर्षांपूर्वी आमच्या लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने मी तिचं नवं नाव लिहिलं होतं, आणि नावं कोरणाराच नवरा म्हणून सगळे अक्षराचं कौतुक करत होते. त्या ताटाखाली आधीचं नाव गेलं ते गेलंच. तिचे वडील वारल्यावर त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं.

मला वाटलं हा मुलीचा टोमणा आहे. आईला पुढे करून मला धडा शिकवायचा. मी तडक चंदेरी जाकिटवाल्याकडे गेलो आणि आवाज चढवून सांगितलं की हे नाव दुरुस्त करा. रांगेतले लोक बघायला लागले. त्याने यंत्रात बघून सांगितलं, बुकिंगमध्ये हेच टाकलंय. मी म्हटलं, मी नवरा आहे, मी सांगतो बदला.

“काका, नाव बदलायचं तर ज्याचं नाव त्याच्या फोनवर नंबर जातो,” तो समजुतीने म्हणाला. “त्यांनी सांगितला तरच बदलतं. आपल्या हातात नाही.”

मी वळलो तर बायको मागे उभी होती. फोन पर्समध्ये, पर्स काखेत घट्ट.

“मीच सांगितलं तिला हे घालायला,” ती म्हणाली.

“गंमत म्हणून?”

“गंमत म्हणून नाही.”

एवढंच. ती पुढे चालू लागली. मुलीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तिलाही हे इतकं महागात पडेल याची कल्पना नसावी.

नंतरचे तीन-चार तास मी त्यांच्या मागे मागे होतो. चंद्रावर नेणाऱ्या खुर्चीत बसलो, चष्मा लावला, लगेच काढून ठेवला. बायकोने नाही काढला. दोन्ही हात पुढे करून ती हवेत काहीतरी चाचपत होती आणि तोंड अर्धवट उघडं. कुठल्याही दालनात शिरलं की भिंतीवरचा पडदा तिचं ते नाव लिहायचा आणि एक बाई आतून ते नाव घेऊन सुस्वागतम् म्हणायची. ज्या नावाने मी तिला चौतीस वर्षांत एकदाही हाक मारली नाही, ते ती यंत्रं दहा मिनिटांत तीनदा घेत होती. माझा राग कशावर काढावा हे मला कळत नव्हतं. यंत्रावर ओरडून काय मिळणार?

बाहेर पडायच्या वाटेवर भेटवस्तूंचं दुकान होतं, आणि तिथे माझ्या धंद्याचं मरण काचेच्या पेटीत ठेवलेलं होतं. स्टीलचा पेला आत ठेवायचा, नाव टाईप करायचं, एक निळा ठिणगीसारखा उजेड फिरतो आणि नाव तयार. मोजून बारा श्वास. मी पेला हातात घेऊन उजेडात धरला. काठ बोटाने तपासले. खोट काढायची होती. निघाली नाही. अक्षर मात्र मेलेलं होतं, सगळ्यांना एकच वळण.

बायकोला पेला हवा होता. टाईप करणाऱ्या मुलीने विचारलं, पहिली वेलांटी की दुसरी? मी सवयीने पुढे झालो. मराठीत नाव कसं लिहायचं हे मला विचारतात लोक. मी पहिली म्हणालो.

“दुसरी,” बायको म्हणाली. “आमच्याकडे दुसरीच काढायचे.”

म्हणजे मला कधी तिच्यासाठी ते नाव कोरायची वेळ आली असती, तर मी चुकीचं कोरलं असतं. मी पेल्याचे पैसे द्यायला पुढे झालो, तर तिने आधीच दिले होते.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर राहायच्या खोल्यांसमोरच्या हिरवळीवर खुर्च्या टाकल्या होत्या. जावई चहाचं बघायला गेला, माझ्या मते मुद्दाम. मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. बायको पलीकडे, हातात तो पेला. हीच वेळ होती. दिवसभर माझं हसं झाल्यासारखं वाटत होतं, आणि अशा मनःस्थितीत सौदा करू नये हे मी दुसऱ्यांना शिकवतो. तरी मी सुरुवात केली.

म्हटलं, यंदा गौरी-गणपतीला घरी ये. तिने मान हलवली, म्हणजे नकार नव्हता. तिने विचारलं, आणि? माझी मुलगी आहे, अट असणार हे तिला कळलं. मी म्हटलं, आणि जाताना भांडी ने. ती म्हणाली की त्यावर जे नाव आहे ती बाई आमच्या घरात राहत नाही, तुम्ही नाव काढून द्या, मी नेते. कोरलेलं नाव घासायच्या चाकाने काढता येतं, पण तिथे पत्रा किंचित बसतो. भांडं उजेडात धरलं की डाग दिसतो. माझ्या हाताने कोरलेल्या एकावन्न नावांवर मीच चाक फिरवायचं? मी तिला हे समजावत होतो, पण आवाज माझ्या ताब्यात नव्हता. शेजारच्या खुर्च्यांवरची माणसं उठून गेली.

“नाव मरू दे,” मी शेवटी म्हणालो. “रिकामी पाठवलीस. तुझी आजी शेजारणीची वाटी रिकामी देत नव्हती, आणि तू बापाची एकावन्न भांडी रिकामी पाठवलीस.”

मुलगी खुर्चीतच माझ्याकडे वळली. मग तिने अगदी सावकाश विचारलं,

“बाबा, तुम्ही खोकी उघडलीत?”

धंद्यात असा एक क्षण येतो, की समोरच्याच्या हातात काहीतरी आहे हे कळतं पण काय ते कळत नाही. अशा वेळी मागे हटायचं नसतं.

“उघडली,” मी म्हणालो.

“सगळी?”

“सगळी.”

बायकोने पेल्यावरून नजर उचलली. ती खोकी अडीच वर्षं चिकटपट्टी लावलेलीच माळ्यावर आहेत हे तिला माहीत होतं. तिने नजर पुन्हा पेल्यावर नेली. मुलगी माझ्याकडे बघत राहिली आणि मला दिसलं की तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी मिटत चाललंय, संध्याकाळी दुकानाचं शटर अर्ध्यावर आणतात तसं. ती बरं म्हणाली आणि उठून खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी सगळे एकमेकांशी अतिशय नीट वागले. नाश्त्याला जावयाने मला पोहे वाढले. दुपारी डोंबिवलीला इमारतीखाली गाडी थांबली. मुलगी उतरली, आईला बिलगली, वर आमच्या खिडकीकडे एकदा पाहिलं आणि गाडीत बसली. या खेपेला तिने मला नमस्कार केला नाही.

सोमवारी आमची दुकानं बंद असतात. सकाळी चहा झाल्यावर मी स्टूल माळ्याखाली ओढलं. मी कुणाला हाक मारली नाही, पण बायको येऊन स्टूल धरून उभी राहिली. तिच्या मनगटावर तो निळा पट्टा अजून होता, भांडी घासून कडा पांढरट झालेल्या. मी म्हटलं, कापून टाक तो. ती म्हणाली, राहू दे दोन दिवस.

तिन्ही खोकी खाली घेतली. पट्टी सुकून कडक झाली होती, सुरीने कापावी लागली. पहिल्या खोक्यात वर मोठा डबा. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, माझ्या बांधणीपेक्षा नीट. झाकण काढलं. आत एक कागदाची पुडी होती, दोऱ्याने बांधलेली. पुडी सोडली तर तळहातावर लालसर तांदूळ आले. अर्ध्यांचा भुगा झालेला, त्यात टोके फिरत होते. कुंकवाचा रंग उडून वीटकरी झाला होता, पण ओळखायला वेळ लागला नाही. त्या अक्षता मीच आणल्या होत्या, हॉलवर उरल्या होत्या, आणि मुलगी नवरीच्या साडीत खाली बसून त्या पिशवीत भरत होती.

दुसऱ्या भांड्यात तशीच पुडी. तिसऱ्यात तशीच. ताटांना पुड्या चिकटवलेल्या होत्या, कारण ताटात पुडी राहत नाही. लहान वाट्यांत लहान पुड्या. मी सगळी भांडी काढली, हॉलभर पसरली. एकही रिकामं नव्हतं. मी वरच्या एका डब्यात चिमूट टाकतो. तिने एकावन्न पुड्या बांधल्या होत्या. लग्नानंतरच्या पंधरा दिवसांत, नव्या घरात, पाहुणे येत-जात असताना कधी बसून बांधल्या असतील, कोण जाणे.

“तुला ठाऊक होतं?” मी बायकोला विचारलं.

“आत काय आहे ते नव्हतं,” ती म्हणाली. “उघडलं नाहीत एवढंच ठाऊक होतं.”

“मग परवा बोलली का नाहीस?”

विचारता विचारताच मला उत्तर मिळालं. मी हात लावायचा नाही म्हणालो होतो. या घरात मी म्हटलं की तसं होतं. चौतीस वर्षं तसंच झालंय.

मग दुसरी गोष्ट माझ्या डोक्यात आली आणि मी भांड्यांच्या मध्येच खाली बसलो. अडीच वर्षं मी समजत होतो की तिने रिकामी भांडी पाठवली. आणि ती अडीच वर्षं समजत होती की मी पुड्या बघितल्या, तरीही तिला दुसऱ्या कुणाची तरी म्हणालो ते मागे घेतलं नाही. परवा हिरवळीवर तिने मला विचारलं ते याचसाठी. मी नाही म्हणालो असतो तर तिथेच सगळं सुटलं असतं. मी उघडली म्हणालो. सगळी म्हणालो. चार आण्याच्या चमच्यासाठी खोकं उघडून बघणारा माणूस मी.

चूक माझ्या एकट्याची होती असं मी अजूनही म्हणत नाही. चिठ्ठी टाकायला काय झालं होतं? एक फोन करून पुड्या बघा म्हणायला काय झालं होतं? पण हे मी बायकोला म्हणालो नाही, कारण ती केरसुणी घेऊन टोके झाडत होती आणि पुड्यांचे दोरे मात्र एकेक करून वेगळे ठेवत होती.

मी फोन लावला. ती कामावर होती. मागे माणसांचे आवाज. भाव सांगता येतो मला, माल विकता येतो, बाकीचं बोलायची सवय नाही.

“तांदळात टोके झालेत,” मी म्हणालो.

पलीकडे ती चालत कुठेतरी बाजूला गेली. आवाज कमी झाले.

“आज उघडलीत,” ती म्हणाली.

“हो.”

“मला वाटत होतं, तुम्ही बघितलंत आणि…” तिने पुढचं सांगितलं नाही. मी तिला म्हणालो की परवा मी खोटं बोललो. हे वाक्य मी आयुष्यात कुणाला बोललेलो नाही, बँकेलासुद्धा नाही. मग घाईघाईने, गिऱ्हाईक दारातून निघतंय असं दिसल्यावर बोलतो तसा, म्हणालो की नावं घासून देतो, सगळी, मी स्वतः, तू फक्त ये.

“खूण राहते म्हणालात ना?”

“राहते. उजेडात धरलं की दिसते.”

“बघू, बाबा,” ती म्हणाली, आणि तिला कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला. तिच्या त्या माझ्या दिलेल्या नावानेच हाक मारली, मी ऐकली.

आमच्या धंद्यात ‘बघू’ हा शब्द सगळ्यांना कळतो. गिऱ्हाईक भाव विचारतं, माल उलटसुलट करून पाहतं, बघू म्हणतं आणि पायरी उतरतं. त्यातले बहुतेक परत येत नाहीत. म्हणून बघू म्हणून कोणी गेलं, की मी माल तिथे पडू देत नाही, लगेच पुसून फळीवर ठेवतो.

ही एकावन्न भांडी मी फळीवर ठेवलेली नाहीत आणि माळ्यावरही चढवलेली नाहीत. तीन आठवडे झाले. रोज दुकानातून आल्यावर चाक लावून एखाद-दुसरं नाव घासतो. निम्मी झाली आहेत. बायको हॉलमध्ये भांड्यांच्या मधून वाट काढत फिरते, तिचा पाय कधी परातीला लागतो आणि आवाज होतो. त्या आवाजाने मी दरवेळी दाराकडे बघतो.